टिळकांचा संन्यास, लक्ष्मीबाईंचा संसार

हिंगोलीच्या दसऱ्याची गर्दी ओसरून गावाला दिवाळीचे वेध लागले होते. तास संपवून बाहेर पडलो तो बी. ए. च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी व्हरांड्यात मजसाठी थांबलेला. मुलगा ख्रिस्ती, वडील एका लहानशा मंडळीचे पाळक.

"सर, मोटरसायकल हवीशी वाटणं हे पाप आहे का हो?"

मला हसू आले. पण त्याचा चेहरा पाहून ते आवरले. मुलाने ईश्वरविज्ञान शिकून मंडळीची सेवा करावी ही वडिलांची इच्छा. ह्याला बँकेची परीक्षा द्यायची. प्रार्थनेला गुडघे टेकले, की दुकानाच्या काचेमागची गाडी डोळ्यांपुढे उभी राहते! "वडील रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचायला सांगतात," तो म्हणाला. करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि नको तेच घडते, ही पौलाची कैफियत त्या अध्यायात आहे. "पण सर, पौलाला कुणी हप्त्यावर गाडी दाखवली नव्हती!"

मी मराठीचा मास्तर, धर्मशास्त्री नव्हे. शिवाय तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली हा प्रसंग वर्गात रंगवून सांगणारा मी, पगाराच्या दिवशी बँकेचा संदेश आला का म्हणून मोबाइल किती वेळा पाहतो हे माझे मला ठाऊक. उपदेश करण्याचा अधिकार तेथेच संपला. मला आठवले ते रेव्हरंड ना. वा. टिळकांचे घर.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते म्हणत. हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे व्हायचे, हा त्यांचा स्वभाव. १९१७ साली तर मिशनचे काम आणि पगार दोन्ही सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले. चरित्र म्हणून हे किती भव्य! पण हीच गोष्ट स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली म्हणजे निराळी दिसते, आणि ती तशी पाहण्याची सोय लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून आपल्याला करून दिली आहे. पैसा देऊन टाकणारे टिळक आणि उद्याच्या मीठ-पिठाची काळजी वाहणाऱ्या लक्ष्मीबाई एकाच घरात नांदत होती. आमच्याकडेही हे नवे नाही. कयाधूकाठचे नरसी नामदेवांचे गाव मानले जाते; त्या नामदेवांच्या राजाईच्या नावावर जे अभंग आहेत, त्यांत घरातल्या दारिद्र्याची तक्रारच आहे. विठ्ठल नवऱ्याचा, रिकामे डबे बायकोचे!

मला तर वाटते, पैसा सोडणे टिळकांना जड गेलेच नाही. जड होता तो त्यांचा राग आणि हट्ट. 'स्मृतिचित्रे' वाचताना त्यांच्या संतापाचे प्रसंग पानोपानी भेटतात, आणि लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात म्हणून ते अधिकच बोचतात. उलट, ज्यांना आपण संसारी म्हणतो त्या लक्ष्मीबाईंनी काय सोडले? सोवळे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच-एक वर्षे त्या दूर राहिल्या. परत आल्या त्या आपले सोवळे घेऊन. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले, की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. पेलाभर पाणी! पण जन्मभराची शिवाशिव त्या घोटाबरोबर गिळायची होती. पुढे त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, आणि टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही बहुतांशी त्यांनीच लिहिले.

हे सारे मी त्या मुलाला एका दमात सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे गाडी घ्यावी की नाही?" मजजवळ उत्तर नव्हते. "गाडी नसती, तर तुझ्या मनात दुसरं काय उभं राहिलं असतं?" एवढेच मी विचारले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "वडिलांचा राग येतो, सर. तो गाडीच्याही आधीचा आहे."

गेल्या आठवड्यात 'स्मृतिचित्रे' देण्याच्या निमित्ताने मी त्याच्या घरी गेलो. पाळक बाहेरगावी प्रार्थनेला गेलेले. आई दिवाळीच्या शिवणाच्या ढिगात बसली होती. परकर-पोलकी, फ्रॉक, साड्यांचे फॉल. "बसा, सर," म्हणून तिने खुर्चीवरचे कपडे उचलले. मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हा धागा दातांनी तोडीत ती म्हणाली, "ह्यांचा देवावर भरवसा आहे, सर, आणि देवाचा माझ्या मशीनवर!"

मुलगा हसला नाही. त्याने खाली पडलेले रीळ उचलून आईच्या हाती दिले आणि चहा टाकायला आत गेला.

बँकेच्या परीक्षेचा अर्ज त्याने भरला आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत सांगतो म्हणाला. पुस्तक मात्र मला परत मिळालेले नाही. रात्री मशीन थांबले, की आई ते वाचते म्हणे.