‘टोटल लॉस’चा हिशेब आणि मालकाचे हक्क

मोटार विम्याच्या व्यवहारात ‘टोटल लॉस’ हा निर्णय गाडी दुरुस्त होऊ शकते की नाही, या प्रश्नावर क्वचितच अवलंबून असतो. कुशल कारागीर मिळाला आणि खर्चाची तयारी असली तर बहुतेक गाड्या पुन्हा उभ्या राहू शकतात, पण विमा कंपनीला ती दुरुस्ती परवडते की नाही, एवढाच प्रश्न या निर्णयामागे असतो. म्हणूनच बाजारभावाने फारशी किंमत न उरलेली, पण घराने वीस-पंचवीस वर्षे जिवापाड सांभाळलेली प्रीमिअर पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा मारुती ८०० एखाद्या मध्यम अपघातानंतरही सहज टोटल लॉसमध्ये निघते, आणि मालकाला वाटते की आता भंगारवाल्याला गाडी देण्यावाचून गत्यंतर नाही. वस्तुतः हा निर्णय एका ठरावीक सूत्राने केलेला हिशेब असतो. तो हिशेब मागता येतो, तपासता येतो आणि चुकीचा असेल तर त्याला आव्हानही देता येते.

आयडीव्ही : सगळ्याचे मूळ

या हिशेबाच्या मुळाशी विमित घोषित मूल्य असते, ज्याला सर्वत्र आयडीव्ही म्हटले जाते. उत्पादकाने त्या मॉडेलची जी विक्री किंमत जाहीर केलेली असते, तीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करून हा आकडा काढतात, आणि नोंदणी शुल्क व रस्ता कर त्यात धरत नाहीत. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये हे कोष्टक दिलेले आहे : सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा. विमा हप्त्यांचे दर २००७ मध्ये नियंत्रणमुक्त झाले असले तरी नेहमीच्या खासगी मोटार पॉलिसीची भाषा आजही बहुतांशी या टॅरिफचीच आहे.

जिव्हाळ्याच्या जुन्या गाडीच्या दृष्टीने या कोष्टकातील खरी महत्त्वाची ओळ शेवटची आहे : पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलांचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवावे, असे टॅरिफ सांगते. कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबले आणि मारुती ८०० चे २०१४ मध्ये, त्यामुळे या गाड्यांच्या बाबतीत कोष्टक लागू होतच नाही. तरीही नूतनीकरणाच्या वेळी संगणकाने दाखवलेला किंवा एजंटाने सुचवलेला आकडा मालक वाचल्याशिवाय मान्य करतो, कारण आयडीव्ही कमी म्हणजे हप्ता कमी, एवढाच विचार त्या क्षणी मनात असतो. कायद्याच्या भाषेत ती त्याची संमतीच ठरते, आणि अपघातानंतर ‘गाडीची किंमत याच्या तिप्पट आहे’ हे सांगून काही उपयोग होत नाही, कारण पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्ही हेच गाडीचे बाजारमूल्य मानले जाईल, असे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते.

हेच कलम मालकाच्या बाजूनेही उभे राहते. टोटल लॉसच्या वेळी आयडीव्हीतून आणखी घसारा कापता येत नाही, असे ते सांगते. आणि पॉलिसी देताना गाडीचे जे मूल्य कंपनीने मान्य केले व ज्यावर हप्ता घेतला, ते मूल्य दावा आल्यावर तिला सहजासहजी नाकारता येणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका मोटार विमा प्रकरणात घेतली आहे.

७५ टक्क्यांची रेषा

गाडी पूर्णपणे जळून गेली, दरीत कोसळून नष्ट झाली किंवा चोरीला जाऊन सापडली नाही तर तो सरळसरळ टोटल लॉस असतो आणि त्याविषयी वाद फारसा होत नाही. वाद होतो तो ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’विषयी, म्हणजे गाडी डोळ्यांसमोर उभी असूनही हिशेबापुरती संपली असे मानण्याविषयी. गाडी अपघातस्थळावरून आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकत्रित खर्च, पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला तर गाडी या वर्गात जाते, असा नियम आहे. या वाक्यातील ‘अटी व शर्तींच्या अधीन राहून’ हे शब्द मालकाने अधोरेखित करून ठेवावेत असे आहेत, कारण गॅरेजने दिलेल्या एस्टिमेटचा एकूण आकडा वेगळा आणि अटींनुसार कंपनीवर येणारा खर्च वेगळा असतो. सुटे भाग बदलताना रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी व एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर काहीच कापला जात नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार तो वाढत जाऊन दहा वर्षांपुढील गाडीला ५० टक्के होतो. रंगकामाच्या बिलातील एक चतुर्थांश रक्कम साहित्याची मानून तिच्यावर ५० टक्के घसारा धरतात, तर मजुरीवर घसारा नसतो.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, पंचवीस वर्षांच्या एका पद्मिनीचा आयडीव्ही १,२०,००० रुपये आहे, म्हणजे ७५ टक्क्यांची रेषा ९०,००० रुपयांवर येते. समोरून धडक बसल्यावर गॅरेजने बॉनेट, मडगार्ड, रेडिएटर आदी धातूच्या भागांचे ६०,०००, रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे १०,०००, काचांचे ८,०००, रंगकामाचे २४,००० आणि मजुरीचे २४,००० असे १,२६,००० रुपयांचे एस्टिमेट दिले. हा आकडा आयडीव्हीपेक्षाही मोठा असल्याने गाडी टोटल लॉस ठरली, असे मालकाला सांगितले जाऊ शकते. परंतु घसारा कापल्यावर धातूच्या भागांचे ३०,०००, रबर-प्लॅस्टिकचे ५,०००, काचांचे ८,०००, रंगकामाचे २१,००० आणि मजुरीचे २४,००० असे ८८,००० रुपये उरतात, आणि १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला लागू असणारी १,००० रुपयांची सक्तीची वजावट धरली की कंपनीची देयता ८७,००० रुपयांवर येते. टोइंगचा खर्च किरकोळ असेल तर ही रक्कम रेषेच्या खाली राहते, आणि गाडी दुरुस्तीयोग्य आहे, असा युक्तिवाद पॉलिसीच्याच शब्दांवर बोट ठेवून मालकाला करता येतो.

उलट दिशेचा धोकाही येथेच ध्यानात घ्यावा. ‘झिरो डेप’ म्हणजे घसारा न कापण्याचे जोडकवच नव्या गाडीला लाभदायक असले तरी त्यामुळे कंपनीवर येणारा खर्च वाढतो आणि तितकीच गाडी रेषेच्या जवळ सरकते.

सर्व्हेअर आणि एस्टिमेट

नुकसानीचे मूल्यमापन परवानाधारक सर्व्हेअर करतो. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, घालून दिलेल्या मुदतींनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीने निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा आहे. सर्व्हेअर येण्यापूर्वी गाडी खोलू नये, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि अहवालाची प्रत लेखी मागावी. प्रत हाती आल्याशिवाय कोणत्या भागावर किती घसारा धरला, हे कळण्याचा मार्ग नाही. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे.

एस्टिमेट कोणाकडून घेतले जाते, यावरही निकाल बराच अवलंबून असतो. अधिकृत डीलरच्या कार्यशाळेत वाकलेला पत्रा सरळ करण्याऐवजी पूर्ण भाग बदलण्याकडे कल असतो आणि मजुरीचा दरही चढा असतो. जुन्या गाड्या हाताळणारा डेन्टर तेच मडगार्ड ठोकून पूर्ववत करतो, आणि बंद झालेल्या मॉडेलांचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारांत शोधून काढतो. कॅशलेस सुविधा कंपनीच्या यादीतील गॅरेजपुरतीच असते, परंतु आधी खर्च करून नंतर भरपाई घेण्याची तयारी असेल तर मालकाला स्वतःच्या विश्वासातील गॅरेजचे सविस्तर एस्टिमेट सर्व्हेअरपुढे ठेवता येते.

अर्थात प्रत्येक टोटल लॉस अन्यायकारक नसतो. चेसिस किंवा गाडीचा मूळ सांगाडाच पिळवटला असेल तर वरून चकचकीत दिसणारी दुरुस्तीही पुढच्या अपघातात जिवावर बेतू शकते. अशा वेळी स्वतंत्र जाणकाराकडून सांगाड्याची मापे तपासून घ्यावीत आणि त्याने नकार दिला तर जिव्हाळा बाजूला ठेवून तो मान्य करावा.

गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर

टोटल लॉस मान्य झाल्यावर मिळणारी रक्कम म्हणजे आयडीव्ही वजा भग्नावशेषांचे मूल्य, ज्याला व्यवहारात साल्व्हेज म्हणतात. कंपनी अपघातग्रस्त गाडीसाठी खरेदीदारांकडून बोली मागवते आणि सर्वोच्च बोली हे साल्व्हेजचे मूल्य मानले जाते. गाडी सोडून द्यायची असेल तर खरेदीदार आणि कंपनी यांच्याकडून मिळून मालकाला आयडीव्हीइतकी रक्कम, वजावट जाता, मिळायला हवी. गाडी ठेवायची असेल तर साल्व्हेजची रक्कम वजा करून उरलेली भरपाई घेता येते. वरील उदाहरणात बोली ४५,००० रुपयांची आली, असे धरले तर गाडी देणाऱ्याला १,१९,००० रुपये मिळतील, गाडी ठेवणाऱ्याला ७४,००० रुपये मिळतील आणि दुरुस्तीसाठी पदरचे ५२,००० रुपये घालावे लागतील, तर दुरुस्तीच्या आधारावर दावा मंजूर झाल्यास पदरचा खर्च ३९,००० रुपयांवर थांबेल. बोली जितकी फुगलेली तितके गाडी ठेवणाऱ्याचे नुकसान अधिक, म्हणून बोलीचा लेखी पुरावा मागणे रास्त ठरते. गाडीवर कर्ज असेल तर भरपाई आधी बँकेकडे वळते, हेही लक्षात घ्यावे.

येथे सर्वांत निर्णायक कागद म्हणजे आरसी, गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी जमा करावी, असे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ मध्ये आहे, आणि एकदा नोंदणी रद्द झाली की कितीही निगुतीने दुरुस्त केलेली गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून गाडी पुन्हा चालवण्याचा निश्चय असेल तर आरसी रद्द करण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी ‘गाडी दुरुस्तीयोग्य असून मालक ती स्वतःकडे ठेवत आहे’ असे कंपनीकडून लेखी मान्य करून घ्यावे. गाडी विकायची असेल तर मात्र नोंदणी रद्द किंवा हस्तांतरित झाल्याची खात्री केल्याखेरीज ती हलू देऊ नये : टोटल लॉस गाडीचा चेसिस क्रमांक व कागदपत्रे चोरीच्या गाडीला चिकटवण्याचे प्रकार घडतात, आणि आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

दाद कोठे मागावी

भरपाईचा आकडा अमान्य असेल तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर त्यानंतर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते; तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे व पुण्यात आहेत. याखेरीज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ‘संपूर्ण व अंतिम’ भरपाई मिळाल्याच्या पावतीवर घाईने सही करू नये. पैशांच्या निकडीपायी ती करावीच लागली तर हरकत राखून रक्कम स्वीकारत असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवावे.

हे सर्व मार्ग अपघातानंतरचे आहेत, आणि त्यांतून मिळणारा न्याय शेवटी पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीच्या चौकटीतच मिळतो. १९४० च्या अखेरपर्यंत बनलेल्या आणि मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेल्या व्हिन्टेज गाड्यांसाठी टॅरिफने ठरीव मूल्याच्या पॉलिसीची सोय ठेवली आहे. पद्मिनी किंवा मारुती ८०० ला ती सोय नाही, आणि पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेली व्हिन्टेज नोंदणीची तरतूद आरटीओपुरतीच आहे. अशा गाड्यांच्या मालकांनी पुढील नूतनीकरणाच्या किमान महिनाभर आधी मूल्यांकनकाराचा अहवाल, दुरुस्तीची बिले आणि ताजी छायाचित्रे जोडून योग्य आयडीव्हीची लेखी मागणी करावी, आणि पॉलिसी हाती आल्यावर त्यावरील आकडा प्रत्यक्ष वाचावा. त्यासाठी जास्तीचे काही शे किंवा हजार रुपये हप्ता म्हणून भरावे लागले तरी ते भरावेत, कारण गाडी वाचवण्याची लढाई बहुतेक वेळा त्या एका आकड्यावरच जिंकली किंवा हरली जाते.