वाढलेल्या आकड्याची भूल

1974 साली अमेरिकी डॉक्टरांनी अतिस्थूल रुग्णांच्या लघवीतून भरपूर प्रथिनं जात असल्याची नोंद केली, तेव्हा ती दुर्मीळ बाब वाटली. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून 6818 बायॉप्सींचा हिशेब आला. त्यात स्थूलतेने बिघडलेल्या मूत्रपिंडांचं प्रमाण 1986-90 मध्ये 0.2 टक्के होतं; दहा वर्षांनी ते 2 टक्के झालं होतं.

हा बिघाड फसवा. शरीर वाढतं, मूत्रपिंडातल्या गाळण्या मात्र तेवढ्याच राहतात. मग एकेक गाळणी फुगून जास्त रक्त गाळू लागते आणि सुरुवातीला रिपोर्टमधला गाळण्याच्या क्षमतेचा आकडा उलट चांगला दिसतो. आत ताणलेल्या पेशींवर ऑक्सिडेशनचा मारा सुरूच असतो. वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट्स तो थोपवतील, ही आशा इथूनच धरली गेली.

बार्डोक्सोलोनने ती सर्वांत उंच नेली. ऑलिव्हमध्ये आणि आपल्या लवंगेतही असणाऱ्या ओलिॲनोलिक आम्लाच्या साच्यावर घडवलेलं हे औषध शरीराचीच अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करतं. 2011 मध्ये मधुमेही रुग्णांवरचे निष्कर्ष आले. त्यांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता वर्षभर वाढलेली राहिली होती. सतत घसरणारा आकडा चढताना पाहून डॉक्टरांना हायसं वाटणं स्वाभाविक होतं. पण लघवीतली प्रथिनंही वाढली होती, आणि स्थूल माणसाचं मूत्रपिंड हेच तर सांगत आलं होतं: जास्त गाळणं म्हणजे बरं होणं नव्हे. 2185 रुग्णांची पुढची चाचणी ऑक्टोबर 2012 मध्ये थांबवावी लागली. हृदय निकामी होऊन इस्पितळात गेलेले किंवा दगावलेले औषधाच्या गटात 96 होते, औषध न मिळालेल्या गटात 55. 2023 मध्ये आलेल्या जपानमधल्या चाचणीच्या निष्कर्षातही मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही.

हळदीचंही तसंच. तिच्यातल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल कॅनडातल्या रुग्णांना सहा महिने देऊनही प्रथिनं जाणं कमी झालं नाही. फोडणीतल्या चिमूटभर हळदीशी याचा संबंध नाही. पण हळदीची पूरकं महिनोन्महिने घेणाऱ्या काहींच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याच्या नोंदी आहेत, हे घरोघरी ठाऊक असायला हवं.

या काळात टेक्सासमध्ये डोनाल्ड वेसन यांनी रेणू वेगळा न काढता रुग्णांना थेट फळं-भाज्याच पुरवल्या. रक्तातली आम्लता उतरली, मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या खुणा कमी झाल्या, रक्तदाबही घटला. त्यांनी श्रेय अँटिऑक्सिडंट्सना नव्हे, भाज्यांच्या अल्कलीला दिलं. आणि रुग्णही निवडून घेतले होते, फळं-भाज्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढण्याचा धोका कमी असलेले.