चार तासांची व्हायल

सकाळी 7:00. शिरोळ तालुका, जानेवारीची थंडी. आरोग्य केंद्रात सिस्टर बर्फाची पाकिटं कानाशी धरून हलवतात. आत पाणी खळखळलं की चार पाकिटं लशीच्या पेटीत. दगडासारखा बर्फ ठेवला तर पेंटाव्हॅलंट लस गोठून वाया जाते. आत 2 ते 8 अंश हवेत.

7:50. स्कूटर आशाताईंची, पेट्रोलही त्यांचंच. मुलं जमवायचे सत्रामागे दीडशे रुपये.

8:30. ऊसतोड मजुरांच्या कोप्या रिकाम्या. बीडच्या टोळ्या पहाटेच फडात गेल्यात. लेकरंही बरोबर.

8:55. फड. कोयते चालू. बायका मोळ्या बांधतायत. बैलगाडीखाली साडीची झोळी, झोळीत दहा महिन्यांची पोर.

"गोवर-रुबेलाची सुई हाय," आशाताई सांगतात.

"ताप आला तर खाडा पडंल, बाई."

"आला तरी आठवड्यानं, थोडा," सिस्टर म्हणतात. "गोवर झाला तर लेकरू मांडीवरनं उतरणार नाही. पुरळ उठायच्या चार दिवस आधीच तो श्वासातून पसरतो. या कोपीतून त्या कोपीत."

आईनं हातातली मोळी खाली ठेवली.

9:15. भुकटीत द्रावण मिसळलं. व्हायलवर पेनानं वेळ लिहिली. आता फक्त चार तास. डोस दहा, यादीत मुलं सहा. "एकासाठीसुद्धा फोडायची," सिस्टर म्हणतात. उजव्या दंडाला, कातडीखाली, अर्धा मिली. सुई कटरमध्ये कापली. मग 'अ' जीवनसत्त्वाचा अर्धा चमचा. पोरीनं तोंड वाकडं केलं.

अर्धा तास थांबायचं असतं. तेवढ्यात आईच्या आठ मोळ्या झाल्या. पोर सिस्टरांच्या कडेवर.

11:40. इथं चौघं झाली. दुसऱ्या फडात पाचवं. सहाव्याचं बिऱ्हाड कालच दुसऱ्या गावी हललंय. आशाताई मुकादमाला फोन लावतात, मग त्या गावच्या आशाताईंना.

1:15. वेळ संपली. अर्धी व्हायल पेटीत परत. ती आता कुणाला द्यायची नाही. बांधावर भाकरी सोडली.

संध्याकाळी 6:30. कोपीत चूल पेटलीय. आशाताई पोरीच्या कपाळाला हात लावतात. कार्डावर दुसरा डोस, सोळाव्या महिन्याला. 'जुलै' मोठ्या अक्षरात.

"तवा आम्ही गावाकडं."

"तिथल्या ताईला दाखवा."

आई कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते. त्याच पिशवीत उसाच्या वजनाच्या पावत्या आहेत. गाठ मारून पिशवी पत्र्याच्या पेटीत जाते.