खेळाडूचा पंच होताना

आरंभीच्या रग्बीत पंच नावाचा अधिकारीच नव्हता. वादाचा फैसला दोन्ही संघनायकांनी आपसांत करावा, अशी वहिवाट होती. आणि खेळणारे बहुधा एकाच धर्तीच्या शाळांतून आलेले असल्यामुळे ती काही काळ निभावलीही. पुढे पंच आला, तरी १८८४ साली, कलकत्त्याच्या क्लबाने चांदीचे रुपये आटवून घडविलेल्या चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड झुंजत असता, एका ट्रायवरून, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्यावरून, असा तंटा माजला की पुढील वर्षी त्यांचा सामनाच झाला नाही, आणि त्या तंट्यातूनच १८८६ साली आंतरराष्ट्रीय मंडळ जन्मास आले.

त्यानंतर शतकभर ही जबाबदारी नोकरीधंदा सांभाळून मैदानावर येणाऱ्या हौशी माणसांनी वाहिली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये मंडळाने खेळाडूंस उघडपणे वेतन घेण्याची मुभा दिली, तेव्हा खेळाचा वेग वाढला, पंचालाही पूर्णवेळ तालमीची गरज भासू लागली, आणि दुसरीकडे पस्तिशीच्या आतबाहेर निवृत्त होणारा, खेळाखेरीज अन्य व्यवसाय न शिकलेला असा एक नवाच वर्ग निर्माण झाला. या दोन गरजांची गाठ घालून द्यावी, हे संघटनांच्या ध्यानी येण्यास मात्र बराच काळ लागला.

आयर्लंडकडून तीन आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले अलँ रोलाँ २००७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पंच होते. ते स्क्रम-हाफच्या जागी खेळत, आणि हे मला योगायोगाचे वाटत नाही. चेंडूभोवती दोन्ही बाजूंचे गडी जी झोंबाझोंबी करतात, त्या ‘रक’च्या मागे हाच गडी ओणवा उभा असतो. पाडणारा बाजूस सरकला की आडवाच पडून राहिला, मदतीस धावणारा मागून आला की बगलेतून घुसला, तो पायांवर उभा आहे की त्याने अंग टाकले आहे, हे सारे दोन-तीन सेकंदांत तो हाताच्या अंतरावरून पाहतो. पुढे पंच झालेले हार्लेक्विन्स क्लबाचे कार्ल डिक्सन आणि मन्स्टर, कॉनॉट या संघांकडून खेळलेले फ्रँक मर्फी हेही स्क्रम-हाफच. परंतु या दृष्टीत एक खोट असते: खेळाडू प्रतिपक्षाचाच अपराध हेरतो आणि त्याचे लक्ष चेंडूवर खिळलेले असते, पंचाला दोन्ही बाजूंचे गडी आणि चेंडूपासून दूरची ऑफसाइडची रेषाही पाहावी लागते. जुनी सवय मोडणे हीच त्याची खरी तालीम.

ती किती जलद होऊ शकते, हे न्यूझीलंडच्या ग्लेन जॅक्सन यांनी दाखविले. २०१० साली सॅरसेन्स क्लबाचा निरोप घेतलेला हा फ्लाय-हाफ २०१२ साली आंतरराष्ट्रीय सामन्यात पंच म्हणून उभा राहिला आणि २०१५ च्या विश्वचषकातही त्याची नेमणूक झाली. आयर्लंडच्या जॉय नेव्हिल यांची कारकीर्द तर मला याहूनही मोलाची वाटते. सत्तर आंतरराष्ट्रीय सामने खेळून २०१३ साली त्या निवृत्त झाल्या. चारच वर्षांनी महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पंच झाल्या, त्याच वर्षी जगातील सर्वोत्तम पंच ठरल्या, आणि २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकात दूरचित्रपंच म्हणून, म्हणजे चित्रफितीवरून निर्णय पडताळणाऱ्या पंच म्हणून, रुजू झाल्या.

त्याच विश्वचषकाने खेळाडूंना पंच म्हणून भरती करण्यामागचा आणखी एक प्रश्नही उघडा केला. अंतिम सामन्यानंतर पंच वेन बार्न्स आणि दूरचित्रपंच टॉम फोली यांच्यावर शिव्याशापांचा व धमक्यांचा असा वर्षाव झाला की त्याची झळ त्यांच्या कुटुंबांनाही लागली. बार्न्स निवृत्त झाले आणि फोली आंतरराष्ट्रीय कामातून बाजूस झाले. निवृत्त खेळाडूस प्रेक्षकांचा रोष नवा नसतो, हे खरे. पण तेव्हा त्याच्या शेजारी चौदा सोबती उभे असतात. शनिवारी सकाळी गावच्या मैदानावर प्रथमच शिटी घेऊन उतरणाऱ्यास तो आधार नसतो, आणि तेथेच एखादा अनुभवी पंच पहिल्या हंगामभर त्याच्यासोबत राहील अशी व्यवस्था झाली, तरच आलेला माणूस टिकेल, असे मला मनापासून वाटते.