शर्ट दहा मिनिटांत, साडी तीन तासांत : बस्त्याला बायकांना एवढा वेळ का लागतो?

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या कापड दुकानात एक चित्र हमखास दिसतं. गादीवर बायकांचा घोळका, समोर साड्यांचा ढीग, आणि बाहेर टपरीवर चहा घेत बसलेली पुरुष मंडळी. दर थोड्या वेळानं एकजण आत डोकावतो, "झालं का?" आतून उत्तर येतं, "आत्ता कुठं बसलोय."

यावरून घरोघरी चेष्टा होते. पण हा वेळ जातो कुठं, हे एकदा नीट बघायला हवं.

पुरुष दुकानात जातो तो बहुतेक वेळा स्वतःसाठी. त्याला आपला नंबर पाठ असतो, ४० नाहीतर ४२. आपल्याकडच्या जुन्या माणसांचं तर ठरलेलंच, पांढरा शर्ट आणि पायजमा. मागच्या दिवाळीला घेतला तसाच द्या म्हटलं की काम संपलं. पोरांना जीन्स लागते, तीही घालून बघता येते.

बाई मात्र एकटीसाठी क्वचितच जाते. तिच्या डोक्यात यादी असते. नवरीच्या आत्याला, मावशीला, विहीणबाईला, धाकट्या जावेला कोणती साडी, आणि मोठ्या जावेपेक्षा धाकटीची भारी दिसायला नको. मानपानात चूक झाली तर दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं, तेही तिलाच. नवऱ्याला कुणी बोलत नाही. शिवाय पोरांचे कपडे, सासऱ्याचं धोतर, ओटीचे खण. आठ-दहा माणसांची खरेदी एका बसण्यात होते, मग तीन तास जास्त कसे?

दुसरं म्हणजे साडी घेतली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ब्लाउजपीस जोडलेला आहे की वेगळा घ्यायचा, परकर मॅचिंग मिळेल का, फॉल-पिकोचे किती, शिलाई किती. नऊवारी असेल तर लांबी बघावी लागते. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, कापड तोकडं निघालं तर काष्टा बसत नाही. हजाराची साडी नेसायला तयार होईपर्यंत किती पैसे जातात हा हिशोब ती गादीवर बसूनच करत असते.

तयार ड्रेस आणि कुर्तीची गत निराळी. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एमएवढा निघतो. भारतीय शरीराची मापं ठरवण्यासाठी केंद्र सरकार आणि निफ्ट यांनी २०१८ साली मोठा प्रकल्प जाहीर केला, २५ हजार लोकांची मापं घ्यायची. शहरं निवडली सहा, दिल्ली, मुंबईपासून शिलाँगपर्यंत. शेतात राबणाऱ्या बाईचं माप कुणी घ्यायचं? त्यात आठवडी बाजारात घालून बघायला जागा नसते. मग अंगाला लावून अंदाज घ्यायचा, नाहीतर एक नंबर मोठा घेऊन घरी दाबायचा.

आता पैशाचं. घासाघीस बायका जास्त करतात असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. कारण ज्याच्या खिशात पैसे त्याला हिशोब द्यावा लागत नाही. बाईच्या हातात ठरावीक रक्कम दिलेली असते, किंवा ती तिनं मजुरीतून, बचत गटातून, अंडी विकून जमवलेली असते. शंभर रुपये वाचले तर त्यात एक परकर येतो. पुरुषानं शंभर जास्त दिले तर तो म्हणतो, "जाऊ दे, कोण वाद घालतंय."

पण बस्त्याचा एकूण आकडा जेव्हा हाताबाहेर जातो, तेव्हा तो बायकांच्या घासाघिशीनं गेलेला नसतो. "पाहुण्यांसमोर कमी दिसायला नको" म्हणत वरचा आकडा बहुतेक वेळा पुरुषच ठरवतात, आणि उधारीच्या वहीत सहीही त्यांचीच असते. हे लिहिलं म्हणून काहीजण रागावतील, रागावू द्या.

आणि एक चूक दोघंही करतात. बिल घेत नाहीत. "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा" असं ऐकलं की गप्प बसतात. तयार कपड्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यावर वेगळा कर मागता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यापुढच्याला १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २४०० आणि २६०० च्या शेरवानीत फरक नुसता दोनशेचा नाही, कराचा टप्पाही बदलतो. नवरदेवाची खरेदी करताना हे विचारून घ्या.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी तर सगळीकडे असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो की दोष असलेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मात्र घरी गेल्यावर रंग आवडला नाही, नणंदेनं नाक मुरडलं, यासाठी हा कायदा नाही. कापड विरलेलं, काठ उसवलेला, असा दोष पाहिजे.

म्हणून साडी दुकानातच पूर्ण उलगडून, पदरापासून शेवटापर्यंत उजेडात धरून बघा. फॉल लावल्यावर किंवा ब्लाउजपीस कापल्यावर दोष दाखवला तर दुकानदार ऐकत नाही. एवढं करूनही दोष निघाला आणि तो दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. बिल मात्र लागतंच, आणि ते जपून ठेवायचं काम घरात कुणाकडे येणार हे सांगायला नको.