वीकएंडचा ‘जॉब’

हिंजवडीत ‘जॉब’ म्हणजे पगार, अप्रेझल आणि नोटीस पीरियड. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत ‘जॉब’ म्हणजे चकमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा. तिथे जॉब लावतात, फिरवतात, मापात आणतात आणि उतरवून बाजूला ठेवतात. (काही एचआर मंडळींचंही धोरण साधारण असंच असतं, पण तो विषय नंतर कधीतरी!) आमचं थेरगाव या दोन्ही ‘जॉब’वाल्यांच्या बरोब्बर मधे. सकाळी डांगे चौकात तुंबणाऱ्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्यांच्या पाठीवर लॅपटॉपची सॅक असते आणि अर्ध्यांच्या अंगावर कंपनीचा युनिफॉर्म.

रविवारी सकाळी याच चौकापासून थोडं आत, एका पत्र्याच्या गाळ्यात आम्ही पाच जण तिसऱ्याच ‘जॉब’साठी जमतो. लेथवर लोखंड नाही, लाकूड लावतो आणि त्यातून वाडगा, लाटणं, भोवरा, पेनस्टँड असं काहीबाही काढतो. शिकवणारे काका एका मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले टर्नर. शिकणारे आम्ही: दोन टेस्टर, एक बँकवाला, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक ‘मी फक्त बघायला आलोय’ म्हणून गेलं वर्षभर येणारा. क्लब म्हणा हवं तर. बोर्ड नाही, रजिस्ट्रेशन नाही. चहाचा हिशोब मात्र खडूने भिंतीवर लिहिलेला असतो.

लाकूड का?

पहिल्या दिवशी मलाही हाच प्रश्न पडला होता. आयुष्यभर लोखंड कापलेल्या माणसाला लाकडात काय मजा येत असेल? उत्तर मशीनपाशीच मिळालं. लोखंडाच्या लेथवर टूल घट्ट बांधलेलं असतं, हँडल फिरवायचं आणि आकडे वाचायचे. लाकडाच्या लेथवर पटाशी तुमच्या हातात. समोर एक आडवी पट्टी असते, त्यावर ती टेकवायची. धारेमागचा उतार आधी लाकडाला लागला पाहिजे, मग हळूच धार. हा क्रम चुकला की पटाशी रुतते, फाडकन आवाज होतो आणि तुमच्या वाडग्याचा ओठ भिंतीपाशी जाऊन पडतो.

काका म्हणतात, ‘बघत बसू नकोस गं, ऐक.’ बरोबर लागलेली धार सुळसुळ आवाज करते, बोथट धार खरवडल्यासारखी. खरं सांगायचं तर दोन तास मोबाइल न बघण्यासाठी मी याहून चांगला उपाय पाहिलेला नाही. मेडिटेशनमध्ये निदान डोळे मिटून ऑफिसचा विचार तरी करता येतो. इथे तेवढीही सवलत नाही.

आणि ही कला काही परदेशातून आलेली नाही बरं का. सूत कातायला आपण जे क्रियापद वापरतो तेच लाकडाला यंत्रावर असा गोल आकार द्यायलाही आहे: कातणं. ते करणारा तो कातारी. एखाद्याच्या ‘कातीव’ बांध्याचं कौतुक करताना आपण नकळत याच कारागिराला दाद देत असतो. तुमच्या आजीचं लाटणं, ताक घुसळायची रवी, पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे पाय, लहानपणीचा भोवरा, बुद्धिबळातलं प्यादं, सगळं कातकाम!

सावंतवाडीची गल्ली

मराठी मुलखात हे काम टिकलेलं बघायचं असेल, तर आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला जा. मोती तलावापासून जवळच चितार आळी आहे. चितारी कारागिरांची म्हणून हे नाव. लाकडाची फळं-भाज्या, भातुकली, रंगवलेले पाट, पाळणे यांनी दुकानं भरलेली असतात. याच गावची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात ते १२० असतात, एकेका अवताराचे १२. विसाव्या शतकात ती कला बुडायला आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. मला यातली गंमत वाटते ती अशी, की ‘जपणूक’ वगैरे मोठं नाव न देता त्यांनी आधी एक जागा दिली. बसायला जागा, समोर काम आणि शेजारी अजून एक काम करणारा.

लाखकामाची खरी जादू बघायची तर कर्नाटकातलं चन्नपट्टण. बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच आहे, टीम आउटिंगला जाताना तुमच्यापैकी अनेकांनी तिथे खेळणी घेतली असतील. फिरत्या लाकडावर कारागीर रंगीत लाखेची कांडी नुसती दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याचं पान दाबायचं, की आरशासारखी चमक! ब्रश नाही, वाळायची वाट बघणं नाही. आमच्याकडे हे करून बघितलं तेव्हा लाख थोडी लाकडावर आणि बरीचशी आमच्या कपड्यांवर चढली.

क्लब म्हणजे नेमकं काय?

लंडनमध्ये कातारींच्या संघाला राजाची सनद मिळाली १६०४ साली. तो संघ अजून आहे आणि स्पर्धाही भरवतो. आज जी हौशी क्लबांची साखळी दिसते ती मात्र अलीकडची. अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९८६मध्ये आणि ब्रिटनमधली १९८७मध्ये सुरू झाली. एकट्या अमेरिकन संघटनेशी ३००हून जास्त स्थानिक क्लब जोडलेले आहेत. महिन्यातून एकदा जमायचं. कुणीतरी लेथवर करून दाखवतो, वर लावलेल्या कॅमेऱ्यातून मागच्या रांगेलाही धार नीट दिसते. एका टेबलावर प्रत्येकाने महिन्याभरात केलेली वस्तू मांडायची. तडा गेलेलीसुद्धा! तिच्यावरच सगळ्यात जास्त चर्चा होते म्हणे. शेवटी कुणाच्या तरी अंगणात पडलेल्या झाडाचे ओंडके सोडतीत वाटून घ्यायचे.

त्यांचा एक उपक्रम मला फार आवडतो. गंभीर आजाराच्या मुलांना तिथे प्रत्येक उपचारामागे एक मणी मिळतो, सुई टोचली की एक, केमो झाली की एक. हे मणी ठेवायला क्लबातले लोक झाकणाच्या लाकडी डब्या कातून देतात. झाकण लहान मुलाच्या हाताला सहज उघडेल असं बसवायला हवं. प्रयत्न करून बघा, कोडिंग सोपं वाटेल.

आपल्याकडे क्लबची गरज तर जास्तच आहे. कारण साधं आहे, फ्लॅटमध्ये लेथ ठेवणार कुठे? आवाज, भुसा, वर सोसायटीचे सेक्रेटरी. लेथ, धार लावायचा ग्राइंडर आणि पटाश्या एकट्याने घेणं जड जातं, पाच जणांत परवडतं. सोबत कुणी असणं सेफ्टीसाठीही बरं. ओढणी, मोकळे केस, ब्रेसलेट, लांब बाह्या बाहेर ठेवून यायच्या. हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत, ते फिरत्या लाकडात ओढले जातात. तोंडावर फेसशील्ड आणि नाकाला मास्क मात्र हवाच. स्पीडचा एक ठोकताळा आहे: जॉबचा व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमने गुणा, उत्तर ६००० ते ९०००च्या मधे आलं पाहिजे. म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९००.

लाकडासाठी झाड तोडायची तर गरजच नाही. (महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना १९७५च्या कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय फांदीलाही हात लावू नका.) फर्निचर करणाऱ्यांकडे सागवानाचे तुकडे उरतात. गावी पडलेल्या आंब्या-बाभळीचा ओंडका गाडीच्या डिकीत सहज मावतो.

गाळ्याचा प्रश्न

आता मुद्द्याचं. आमच्या गाळ्याचा भाडेकरार डिसेंबरमध्ये संपतोय आणि मालकाला तिथे इमारत उभी करायची आहे. त्यात त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही, आजूबाजूला सगळीकडे तेच चाललंय. पण काकांच्या वयाचे टर्नर या पट्ट्यात आता एकेक करून घरी बसलेत. कारखान्यांत सीएनसी आलं, प्रोग्रॅम भरला की मशीन आपलं आपण कापतं. माप अचूक येतं, वेळ वाचतो, तक्रार कशाची करणार? मात्र आवाजावरून धार ओळखणारा कान सीएनसीवर तयार होत नाही. आयटीआयच्या दोन वर्षांच्या टर्नर कोर्सला तो जिथून आला, त्या हाताच्या कामाची ही पिढी शेवटची असेल, निदान आमच्या ओळखीत तरी. काकांच्या मुलाला या सगळ्यात रस नाही. ‘तुम्हाला आहे ना,’ असं म्हणून काका विषय बदलतात.

म्हणून आम्ही जागा शोधतोय. बँकवाल्याने एक्सेल शीट केलंय: भाडं, वीजबिल, डिपॉझिट. पाच जणांत जमत नाही, बारा जणांत जमतं. कोर्स आणि सर्टिफिकेट काढा, पोरं येतील असा सल्ला खूप जणांनी दिला. माझा विरोध आहे. सर्टिफिकेटसाठी येणारा सर्टिफिकेट मिळाल्यावर जातो, आणि आम्हाला तर पुढच्या रविवारीही येणारा हवाय.

गेल्या महिन्यात मी ओल्या आंब्याचा वाडगा कातला. ओलं लाकूड वाळताना सगळीकडे सारखं आकसत नाही, वर्तुळाच्या रेषेत जवळपास दुप्पट आकसतं. त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. म्हणून आधी तो जाड ठेवायचा, व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका, आणि तडे जाऊ नयेत म्हणून कडेला मेण लावून, कागदी पिशवीत घालून महिनोन्महिने विसरून जायचं. वाळला की पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात. काकांनी पिशवीवर पेन्सिलीने तारीख टाकलीय, पुढच्या मार्चची. पिशवी सध्या माझ्या कपाटावर आहे.