आरपीएम मीटर बिघडले? आधी तार तपासा, मग खर्च करा

मोहाडी आणि आंधळगावच्या मागावरचा कोशाचा माल वेळेवर भंडारा-नागपूरच्या बाजारात पोचवायचा तर गाडी धड हवी. आमच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. गावात तिला सगळे फियाटच म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. मुंबईच्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. परंतु हौसेने किंवा गरजेने ती सांभाळणारे व्यापारी अजून आहेत. त्यांच्यासाठीच हा अनुभव.

आमच्या गाडीला आधीच्या मालकाने बाहेरून आरपीएम मीटर बसवून घेतले होते. इंजिन एका मिनिटात किती फेरे घेते ते हे मीटर दाखवते. ईदच्या आठवड्यात तुमसर रस्त्यावर चालती गाडी एकाएकी बंद पडू लागली. थोड्या वेळाने आपोआप सुरू होई, पुन्हा बंद पडे. माल पोचल्यावरच कारागिरांची मजुरी चुकती व्हायची होती. मिस्त्रीने आधी कॉइल बदलली, मग कंडेन्सर, मग डिलकोचे झाकण. शेवटी इंजिन खोलण्याची गोष्ट निघाली.

आम्ही कापडवाले, मिस्त्री नव्हे. पण ताण्याचा एक धागा तुटला म्हणून कोणी अख्खा माग उलगडत नाही, तुटलेले टोक शोधतो. आम्ही सुईकडे पाहत राहिलो. गाडी बंद पडताना चाके फिरत असत, गिअर पडलेला असे, म्हणजे इंजिनही फिरत असे; पण सुई त्याच क्षणी शून्यावर येई. खरे कारण तिथेच होते.

मीटर चालते कसे?

पेट्रोल इंजिनात कॉइलला दोन टोके असतात. एकात किल्लीकडून वीज येते, दुसऱ्यातून ती डिलकोच्या पॉइंटकडे जाते. पॉइंट उघडला की वीज तुटते आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी मिळते. मीटरची सिग्नल तार या दुसऱ्या टोकाला जोडलेली असते आणि मीटर हे वीज तुटण्याचे झटके मोजते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन झटके होतात. म्हणजे स्लोवर ९०० फेरे असतील तर मिनिटाला १८०० झटके.

यावरून एक उपयोगी खूण मिळते. गाडी बंद पडताना इंजिन फिरत असूनही सुई एकदम शून्यावर आली, तर दोष विजेच्या या बाजूस शोधावा. सुई इंजिनाबरोबर हळूहळू उतरली, तर झटके येत आहेत. आधी पेट्रोलचा मार्ग पाहावा.

तपासणीचा क्रम

१. सुई मुळीच हलत नसेल तर किल्ली चालू करून मीटरच्या वीज-तारेला टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला नाही तर फ्यूज पाहा.

२. मग अर्थ. गंज किंवा रंगावर कसलेला स्क्रू अर्थ देत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक तार थेट मीटरच्या अर्थला लावा. सुई नीट चालली तर जुना अर्थ घासून साफ करा.

३. मग सिग्नल. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकापासून मीटरपर्यंत नवी तार तात्पुरती टाका. मीटर चालले तर जुनी तार तुटलेली आहे. इंजिन चालू असताना या टोकाला हात लावू नका, जोराचा झटका बसतो.

४. सुई थरथरत असेल तर ढिली जोडणी आणि जळालेला पॉइंट पाहा. सिग्नल तार प्लगच्या तारांपासून दूर ठेवा.

५. सुई चालते पण आकडा चुकतो? बऱ्याच मीटरमागे ४, ६, ८ सिलिंडरची खटकी असते. चार सिलिंडरच्या गाडीला ती ६ वर राहिली तर ९०० चे ६०० दिसतात, ८ वर राहिली तर ४५०.

६. गाडी सुरूच होत नसेल तर मीटरची सिग्नल तार कॉइलवरून काढून पाहा. सुरू झाली तर ती तार कुठेतरी बॉडीला लागते आहे.

डिझेल गाडीला कॉइल नसते, म्हणून हा क्रम तिला जसाच्या तसा लागू नाही.

आमच्या गाडीत सहाव्या पायरीवर उत्तर मिळाले. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकातून सिग्नल तार आत येत होती आणि भोकाला रबर नव्हते. पत्र्याने तार सोलली होती. धक्का बसला की उघडी तार पत्र्याला लागे. मग पॉइंट उघडला तरी वीज तुटत नसे, ठिणगी पडत नसे आणि गाडी बंद पडे. हातभर तार आणि एक रबर, एवढेच काम होते. बदललेली कॉइल चांगलीच होती. ती आता डिकीत आहे.

मजुरी त्या वेळी दोन दिवस उशिरा गेली, आणि ती सणाच्या दिवसांतली होती, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. म्हणून व्यापारी बांधवांनी मिस्त्रीला पहिला प्रश्न "काय बदलायचे?" असा न विचारता "काय तपासले?" असा विचारावा. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, उलट टेस्ट लॅम्प काढतो.